काळ्या मनुकांचा रस

सत्काराची शाल चुलीत घालायची, असं चांगुणाबाई पगारेंनी चर्चमधून घरी येता येता रिक्षातच ठरवलं होतं. घरात चूल नव्हती, गॅस होता, म्हणून शाल वाचली. मग त्यांनी तिची चौघडी केली, मोरीच्या दाराशी टाकली आणि दिवसभर येता-जाता तिच्यावर पाय पुसले. सून माधवी म्हणाली, "आई, नवी कोरी आहे हो." चांगुणाबाई म्हणाल्या, "म्हणूनच पाणी टिपत नाही मेली."

शालीबरोबर एक फ्रेमही मिळाली होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं की श्रीमती चांगुणाबाई किसन पगारे यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त मंडळी त्यांची ऋणी आहे. ती फ्रेम त्यांनी तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली, पालथी.

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये दोन इमारतींच्या मधे अंग चोरून उभं असलेलं एक लहानसं चर्च आहे. तिथले लोक त्याला नुसतं मंडळी म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या प्याल्यात द्राक्षारस. हा रस गेली एकेचाळीस वर्षं चांगुणाबाई करत आल्या होत्या. सुरुवात केली तेव्हा मंडळी पत्र्याच्या एका खोलीत भरत होती आणि त्या तेहेतीस वर्षांच्या होत्या. आता पत्रा जाऊन स्लॅब पडला, पंखे लागले, आणि चांगुणाबाईंना चौऱ्याहत्तरावं लागलं.

हा रस म्हणजे बाटलीतली वाईन नव्हे. तिला या मंडळीची पायरी चढायची परवानगी नव्हती आणि त्याला कारण होतं. इथले निम्मे पुरुष दारूतून उठून आलेले, कुणी हातभट्टीतून तर कुणी देशीच्या गुत्त्यातून. चांगुणाबाईंचा नवरा किसन मात्र उठलाच नाही, त्यातच गेला. म्हणून मंडळीच्या पहिल्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, नियम घालून दिला होता. काळ्या मनुका शनिवारी सकाळी कोमट पाण्यात भिजवायच्या, संध्याकाळी कुस्करायच्या, खळखळून उकळायच्या, गाळायच्या आणि रविवारी संपवायच्या. न उकळलेला थेंब प्रभुभोजनाच्या मेजावर जाता कामा नये. उकळलं नाही की मनुका आंबतात, आणि त्या आंबलेल्या वासाने कुणाचा पाय पुन्हा घसरेल ते सांगता येत नाही.

उकळताना चांगुणाबाई गायच्या. मोठ्याने, बेसूर, शेजारच्या घरातला टीव्ही झाकून टाकतील अशा. एरवी गुडघे धरायचे, कंबर धरायची, पण पातेल्यापुढे उभ्या राहिल्या की त्यांना काही म्हणता काही दुखत नसे. महिन्याचे बाकीचे दिवस त्या कुणाची तरी आई आणि कुणाची तरी सासू असत. त्या दोन तासांत त्या देवाच्या घरी कामाला असत, आणि त्या कामावर त्यांचा फार जीव होता. तेच त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

काढून घेणारी होती वृंदा आढाव. चाळिशीची, शाळेत शिकवणारी, महिला मंडळाची नवी सेक्रेटरी. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बैठकीत ती काय बोलली ते चांगुणाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या बाहेरच्या खोलीत प्याले पुसत होत्या आणि दार लोटलेलं होतं. वृंदा म्हणत होती, "मावशींचं आता वय झालंय. हात थरथरतात त्यांचे. एखाद्या रविवारी प्रभूचा प्याला सांडला तर? त्यापेक्षा आपण छान सत्कार करू या आणि त्यांना आराम देऊ या." पंचांनी माना डोलावल्या. नवे पाळकसाहेब प्रज्वल भालेराव, वय वर्षं एकतीस, म्हणाले, "गुड आयडिया."

हात थरथरतात! चांगुणाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर त्यांनी स्टीलचा ग्लास काठोकाठ भरला, हात लांब करून धरला आणि शंभर आकडे मोजले. एक थेंब सांडला नाही. पुन्हा भरला, डाव्या हाताने धरला, पुन्हा शंभर. मग तो ग्लास त्यांनी बेसिनमध्ये असा आपटला की त्याला पोचा आला.

"देवाच्या कामातून रिटायर!" त्या माधवीला म्हणाल्या. "बायबलात ऐंशी-ऐंशी वर्षांच्या माणसांना देवाने हाक मारून कामाला लावलंय. त्यांना कुणी शाल दिली होती का गं? आणि ही कालची पोरगी मला घरी बसवते. बसवते म्हणजे काय? बघतेच मी."

त्या बघणार होत्या, हे मात्र अगदी खरं. सत्कार झाल्यापासून पुढच्या प्रभुभोजनाला तीन आठवडे होते, आणि त्या तीन आठवड्यांत चांगुणाबाईंनी जेवढा विचार केला तेवढा आयुष्यात कधी केला नव्हता. वृंदाची चांगली जिरवायची. चारचौघांत जिरवायची. तिची मान अशी खाली जायला हवी की महिला मंडळाच्या वहीवरून तिने स्वतःच्या हाताने नाव खोडावं. प्रार्थनेला गुडघे टेकले की हेच, भाजी निवडताना हेच. प्रार्थनेच्या शेवटी त्या सवयीने आमेन म्हणायच्या आणि लगेच ओशाळायच्या. पण राग काही जायचा नाही.

आणि मग शिकार आपण होऊन चालत आली. प्रभुभोजनाच्या आधीच्या मंगळवारी वृंदा डायरी आणि पेन घेऊन दारात उभी.

"जय ख्रिस्त, मावशी. मला रस करायला शिकवाल का? तुमच्यासारखा नाही जमणार, पण प्रयत्न करते."

"ये ना गं, ये. बस." चांगुणाबाईंनी आलं ठेचून चहा टाकला. इतका गोड आवाज त्यांचा त्यांनाच नवा होता. "त्यात काय एवढं शिकायचंय? लिही. बुधवारी मनुका धुवायच्या. काचेच्या मोठ्या बरणीत कोमट पाण्यात भिजत घालायच्या. मूठभर साखर टाकायची."

"साखर?"

"गोडीला. मग बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि बाल्कनीत उन्हात ठेवायची. रोज एकदा ढवळायचं. रविवारी सकाळी गाळून घ्यायचं. झालं."

वृंदाने सगळं लिहून घेतलं, एकेका वाक्यापुढे नंबर टाकून. मग पेन थांबवून म्हणाली, "उकळायचं नाही?"

चांगुणाबाईंनी चहा गाळला. गाळणी धरलेला हात दगडासारखा स्थिर होता. "उकळलं की चव जाते," त्या म्हणाल्या. "आणि मनुकांची काळजी करू नकोस. त्या मी आणून देते. मला दुकान ठाऊक आहे."

वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, मला वाटलं होतं तुम्ही रागावला असाल."

"देवाच्या कामात कसला आलाय राग," चांगुणाबाई म्हणाल्या आणि तिला आणखी एक बिस्कीट दिलं.

मे महिना होता. चार दिवस उन्हात, साखर घातलेल्या मनुका. काय होणार ते चांगुणाबाईंएवढं कात्रपमध्ये कुणाला कळत नव्हतं. किसन घरातच माठात गूळ आंबवायचा तेव्हापासून त्यांच्या नाकाला ते ठाऊक होतं. त्यांचा बेत साधा होता. मेजाशी पहिला प्याला नेहमी पाळक घेतात. प्रज्वलसाहेब पहिला घोट घेतील, तोंड वाकडं करतील, वास घेतील आणि सगळ्या मंडळीदेखत विचारतील, हे कुणी केलं? दारू सोडलेल्या माणसांच्या मंडळीत दारू! वृंदा आढावने! एवढ्यावरच सगळं थांबेल, दुसऱ्या कुणाच्या तोंडाला थेंब लागायचा नाही. वृंदा डायरी काढून दाखवील तर चांगुणाबाई म्हणणार होत्या, अगं, उकळ म्हणून मी दोनदा सांगितलं, तू लिहिलंच नाहीस. म्हातारीचं कोण खोटं मानणार होतं?

त्याच दुपारी त्या उल्हासनगरला गेल्या. कॅम्प दोनच्या बाजारात धर्मेशसेठचं सुक्या मेव्याचं दुकान होतं. एकेचाळीस वर्षांतली पहिली वीस त्यांनी त्याच्या वडिलांकडून मनुका घेतल्या होत्या आणि पुढची त्याच्याकडून.

"आओ मौसी, आओ. वही छोटा दाना, सूखावाला?" त्याने पोत्यात हात घातला.

"नही. आज मोठा द्या. चिकट, मधासारखा."

"वो तो जल्दी खट्टा हो जाता है, मौसी. चर्च के लिए आप कभी लेती नहीं."

"आज पाहिजे," चांगुणाबाई म्हणाल्या.

धर्मेशसेठने पुडा बांधता बांधता विचारलं, "हिरामण कैसा है? अभी ठीक ना?"

"अकरा वर्षं झाली. एक थेंब नाही."

"भगवान का शुकर है," तो म्हणाला आणि वरून मूठभर मनुका फुकट टाकल्या. "ये उसके नाम की."

हिरामण हा चांगुणाबाईंचा एकुलता मुलगा. अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होता. बापाच्या वाटेने गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. आला खरा, पण अकरा वर्षांत त्याने एकदाही प्रभुभोजन घेतलं नव्हतं. रविवारी यायचा, शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचा, आणि मेजावरचं पांढरं कापड उचललं की मान खाली घालायचा. चांगुणाबाई दर महिन्याला आशेने मागे वळून बघायच्या. तो मान हलवायचा. घरी म्हणायचा, "अजून नाही, आई. मी अजून लायक नाही." त्याने एकदा तरी तो प्याला घ्यावा, आपण उकळलेला रस आपल्या मुलाच्या तोंडी लागावा, एवढं एकच मागणं घेऊन त्या अकरा वर्षं पातेलं ढवळत आल्या होत्या.

म्हणून बेत करताना त्यांनी हिरामणचाही हिशोब केला होता. तो घेत नाही, म्हणजे त्याला धोका नाही. पुडा पिशवीत टाकून त्या रिक्षा स्टँडकडे चालू लागल्या तेव्हा त्यांचं चित्त बऱ्याच दिवसांनी थाऱ्यावर होतं.

शनिवारी संध्याकाळी वृंदा पुन्हा आली. या वेळी हातात बरणी होती. तोंडाचं फडकं सोडून तिने ती ओट्यावर ठेवली. रसावर बारीक फेस धरला होता आणि मनुका फुगून वर आल्या होत्या.

"मावशी, जरा बघता का? मला वास थोडा आंबूस वाटतोय. असाच येतो का?"

चांगुणाबाई बरणीवर वाकल्या. त्या वासाबरोबर किसन आला, अंधारी खोली आली, फुटलेला माठ आला आणि दाराआड उभा राहून सगळं बघणारा सात वर्षांचा हिरामण आला. अजून वेळ होता. नुसतं म्हणायचं होतं, ओत मोरीत, माझ्याकडे मनुका आहेत, आत्ता दुसरा करू. गरम पाण्यात भिजवल्या तर रातोरात होणारं काम होतं.

वृंदा म्हणाली, "तुम्हाला त्रास नको म्हणून मी एकटीच करत होते हो. आता या वयात तुम्हाला कशाला दगदग."

या वयात! मेला तो शब्द. वर आलेलं सगळं चांगुणाबाईंच्या घशातून परत खाली गेलं.

"असाच येतो," त्या म्हणाल्या. "देवाचा रस आहे तो, बाजारातलं सरबत नाही."

वृंदा फडकं बांधून निघून गेली. चांगुणाबाईंनी सवयीने गाणं म्हणायला तोंड उघडलं, कारण शनिवारची संध्याकाळ होती. पहिली ओळ आली, दुसरी येईना. शेवटी त्यांनी शेजारचा टीव्ही ऐकला.

रविवारी त्या पुढून दुसऱ्या बाकावर, अगदी मेजासमोर बसल्या. जागा मुद्दाम धरली होती, सगळं नीट दिसायला हवं होतं. मेजावर त्यांनीच बारा वर्षांपूर्वी विणलेलं पांढरं कापड, कापडावर प्याल्यांचा गोल ट्रे, शेजारी उरलेल्या रसाचा जग, आणि वर झाकलेला रुमाल. वृंदा पांढऱ्या साडीत बाजूला उभी होती. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. फुलू दे, चांगुणाबाई मनात म्हणाल्या, घटकाभर फुलू दे.

वचन झालं, प्रार्थना झाली, भाकर वाटून झाली. प्रज्वलसाहेबांनी रुमाल उचलला. पंखा जोरात होता, वास बाजूच्या दाराने बाहेर उडत होता. चांगुणाबाई ताठ बसल्या.

"प्रियांनो," प्रज्वलसाहेब म्हणाले, "प्याला घेण्याआधी आज एक आनंदाची बातमी आहे. आपला एक भाऊ अकरा वर्षं मागच्या बाकावर बसून देवाची वाट बघत होता. आज तो मेजाशी येतोय. नेहमी पाळक पहिला प्याला घेतात. आज तो मान मी त्याला देतो. हिरामणभाऊ, या."

चांगुणाबाईंना आधी ते नाव कळलंच नाही. मग मधल्या वाटेने पावलं वाजली. हिरामण येत होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, डोळे ओले. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून घरात त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. जाता जाता त्याने दुसऱ्या बाकाकडे बघितलं आणि हसला. अकरा वर्षांत त्या ज्या हसण्यासाठी मागे वळत होत्या ते हसणं आज समोर होतं.

तो मेजाशी थांबला. प्रज्वलसाहेबांनी ट्रे थोडा पुढे सरकवला. हिरामणने हात पुढे केला.

चांगुणाबाईंकडे चार पावलांचा वेळ होता. ओरडायचं, तर काय ओरडायचं? थांब, ती दारू आहे, आणि ती मला ठाऊक आहे, कारण मीच करवली? शब्द फुटेना. पाय मात्र केव्हाच उठले होते. ते गुडघे, जे जिना चढताना दर पायरीला कुरकुरायचे, ते चार ढांगांत मेजापाशी आले. त्यांनी स्वतः विणलेल्या कापडाचं टोक दोन्ही मुठींत धरलं. हात जराही थरथरले नाहीत. आयुष्यात कधी नव्हते एवढे ते स्थिर होते. आणि त्यांनी कापड खेचलं.

ट्रे गेला, जग गेला, चाळीस प्याले फरशीवर फुटले. काळा रस हिरामणच्या शर्टावर, प्रज्वलसाहेबांच्या झग्यावर, वृंदाच्या पांढऱ्या साडीवर उडाला आणि पायऱ्यांवरून खाली वाहू लागला.

मग सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं, चक्कर आली असेल. कुणी म्हणालं, आधाराला कापड धरायला गेल्या बिचाऱ्या. आणि मागून एक पंच, दबक्या आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "वृंदाताई सांगतच होत्या. वय झालंय, हात थरथरतात."

चांगुणाबाईंनी ते ऐकलं. नाही म्हणायला, माझे हात बघा म्हणायला त्यांची जीभ शिवशिवली. मग त्यांनी ते स्थिर हात पदराखाली घेतले.

"हो," त्या म्हणाल्या. "हात थरथरला."

हिरामण जागचा हलला नव्हता. ओला शर्ट त्याने दोन बोटांत धरून नाकापाशी नेला होता. त्या मंडळीत तो वास ओळखणारे बरेच होते, पण भिजलेला शर्ट त्याच्याच अंगावर होता. तो वळला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेला.

चांगुणाबाई त्याच्या मागे गेल्या. तो नळाखाली शर्ट धरून उभा होता, अंगातच, आणि पाणी विजारीवरून वाहत होतं. वृंदाही धावत आली होती, काचेने कापलेलं बोट तोंडात धरून. ती दारातच थांबली.

"आई, ती दारू होती," हिरामण म्हणाला. त्याचे दात वाजत होते, मे महिन्याच्या उन्हात. "एक घोट गेला असता तर मी संध्याकाळी कुठे असतो, तुला ठाऊक आहे ना? कुणी केली ती?"

उत्तर दारात उभं होतं. बोट दाखवायचं, बस. खोटंही नव्हतं ते, रस वृंदानेच केला होता. तीन आठवडे ज्याच्यासाठी जीव जाळला ते एका बोटाच्या अंतरावर आलं होतं. हिरामणने आत जाऊन सांगितलं असतं आणि वृंदा आढाव मंडळीतून उठली असती. तिलाही आता वास कळला होता आणि उन्हातली बरणीही.

"मी," चांगुणाबाई म्हणाल्या. "हिला मी खोटं शिकवलं. उकळू नको म्हणाले. काल ही विचारायला आली तेव्हाही असाच वास येतो म्हणून सांगितलं. हिची मान खाली घालायची होती मला. तू येशील हे ठाऊक नव्हतं रे."

हिरामणने नळ बंद केला. "मी आलो नसतो, तर चाललं असतं का?" त्याने विचारलं. मग तो म्हणाला, "मागच्या बाकावरून मला आज कुणी उठवलं, माहीत आहे? सहा महिने दर गुरुवारी कंपनी सुटायच्या वेळेला गेटवर येऊन माझ्याशी बोलत बसायची ती वृंदाताई. तू जिची मान खाली घालत होतीस, ती."

तो ओल्या कपड्यांनिशी तसाच घरी गेला. वृंदा चांगुणाबाईंच्या समोर येऊन उभी राहिली. आतून कुणीतरी बादली आणि फडकी आणून ठेवली होती.

"मी तुम्हाला एवढ्यात माफ करणार नाही, मावशी," ती म्हणाली. "बायबल मला माहीत आहे, सांगू नका."

"नको करूस."

"पंचांना मी काही बोलणार नाही. तुमच्यासाठी नाही, हिरामणभाऊंसाठी. पण आजपासून दर शनिवारी या मंडळीची फरशी तुम्ही पुसायची. सगळी. गुडघ्यांवर बसून."

"या वयात?" चांगुणाबाईंच्या तोंडून निसटलं.

"या वयात," वृंदा म्हणाली आणि फडकं त्यांच्या हातात दिलं.

हिरामण महिनाभर आईशी बोलला नाही. जेवायचा, ताट उचलायचा, कामावर जायचा. रागाने पेटलेल्या माणसाला काय वाटतं ते चांगुणाबाईंना चांगलं ठाऊक होतं, म्हणून त्या गप्प राहिल्या. दर शनिवारी त्या मंडळीत जाऊन फरशी पुसायच्या. पहिल्या शनिवारी रडत पुसली. दुसऱ्या शनिवारी वृंदाच्या नावाने बोटं मोडत पुसली. तिसऱ्या शनिवारी मेजापाशी आल्यावर, जिथे काळा डाग फटीत बसला होता तिथे घासता घासता, त्यांच्या तोंडून गाणं निघालं. पहिली ओळ आली, दुसरी आली. मोठ्याने, बेसूर. आत वह्या लिहीत बसलेली वृंदा दारात आली.

"शिक्षा दिली होती मी," ती चिडून म्हणाली.

"मग मी काय करू? देवाचं घर आहे, फडकं हातात आलं की येतं तोंडात," चांगुणाबाई म्हणाल्या आणि बादली पुढे सरकवली. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी उकळणार आहेस ना?"

"तुम्ही समोर बसा. हात लावायचा नाही. नुसतं सांगायचं."

चौथ्या शनिवारी त्या वृंदाच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि हात मांडीखाली दाबून तिला उकळी किती वेळ ठेवायची ते सांगितलं. खरं सांगितलं. रस गाळून झाल्यावर वृंदाने पहिला चमचा त्यांना चाखायला दिला आणि त्या चाखत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे संशयाने टक लावून बघितलं.

नव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चांगुणाबाई शेवटच्या बाकावर बसल्या, भिंतीला टेकून, हिरामणच्या जागेवर. हिरामणने येताना ते बघितलं आणि तो पुढे जाऊन बसला. प्रज्वलसाहेबांनी रुमाल उचलला. पहिला प्याला पुन्हा हिरामणला दिला. हिरामणने तो उचलला, प्यायला, आणि रिकामा प्याला हातात धरून सगळ्या मंडळीवरून मागे बघितलं. चांगुणाबाईंनी मान खाली घातली होती, म्हणून त्यांना ते दिसलं नाही.

ट्रे बाकाबाकावरून फिरत मागे आला. चांगुणाबाईंनी मान हलवली. अजून लायक नाही, असं त्या पुटपुटल्या असाव्यात. ट्रे पुढे गेला नाही. वर बघितलं तर वृंदा उभी होती, चेहरा तसाच आंबट, ओठ घट्ट.

"हात पुढे करा, मावशी."

त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता. बोटांपासून कोपरापर्यंत, त्यांना न जुमानता. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"सांडेल गं," त्या म्हणाल्या.

"सांडू द्या," वृंदा म्हणाली आणि त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. "पुसायला तुम्हीच आहात."